उजव्या विचारांचे मतदार म्हणून ‘लाडकी बहीण’च्या खर्चाबद्दल तुमचं मत काय?

मत युतीलाच दिलं होतं, तरी हा खर्च मला पटलेला नाही. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, त्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं. मग निवडणुकीत युती म्हणाली २,१०० देऊ, आघाडी म्हणाली ३,०००! हात आखडून खर्च करू म्हणणारा पक्षच उरला नाही. आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटींवर आली, २,१०० चा विषय लांबला. कर्ज मात्र ९ लाख कोटींपुढे.

गरजू बाईला पैसे मिळाले याचा राग नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्यातून मुलीची फी भरली. पण यादीत सरकारी नोकरीतल्या महिलाही होत्या, आणि ते कळलं निवडणूक झाल्यावर.