पहिलं घर, दोघांचं घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवराबायको मिळून पहिलं घर घेतोय. सुरुवातीच्या रकमेत माझा हिस्सा मोठा आहे, हप्ते मात्र निम्मे-निम्मे भरायचं ठरलंय. कर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणजे घरही दोघांचं झालंच ना? आणि कोणाचा वाटा किती धरायचा?

उत्तर : आपोआप होत नाही. कर्जाच्या करारावर सही केली की तुम्ही कर्जदार होता. मालकी येते ती खरेदीखतावर नाव लागल्यावर. खरेदीखतावर नाव नसलेला माणूस शेवटपर्यंत हप्ते भरूनही कागदावर मालक नसतो, आणि हे बहुतेकदा भांडण झाल्यावर किंवा जोडीदार गेल्यावरच लक्षात येतं. जबाबदारी मात्र निम्मी होत नाही. सहकर्जदारांपैकी प्रत्येकजण सहसा पूर्ण कर्जाला बांधलेला असतो. एकाने पैसे थांबवले तर बँक दुसऱ्याकडे अख्खा हप्ता मागते.

आता वाट्याचं. घराची किंमत १०० धरा. सुरुवातीचे २० भरले, त्यात तुमचे १५ आणि जोडीदाराचे ५. उरलेलं ८० कर्ज दोघांनी सारखं फेडायचं. मग तुमचे १५ अधिक ४०, जोडीदाराचे ५ अधिक ४०. वाटा ५५ आणि ४५. हेच टक्के खरेदीखतात लिहून घ्या. काहीच लिहिलं नाही तर अनेक ठिकाणी निम्मा-निम्मा वाटा धरतात.

पण कर्ज फिटायच्या आधीच घर विकावं लागलं तर? व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं असेल, तर १० वर्षांनंतरही ८० पैकी सुमारे ५५ बाकी असतात. घर १३० ला गेलं, तर बँकेचे ५५ देऊन हातात ७५ उरतात. ठरलेल्या टक्क्यांनी ते सुमारे ४१.३ आणि ३३.७ असे वाटले जातील. पण तोवर प्रत्यक्षात मुद्दल फिटलेली असते फक्त २५, म्हणजे प्रत्येकी १२.५. खरं भरलेलं मुद्दल तुमचं २७.५ आणि जोडीदाराचं १७.५. त्या प्रमाणात वाटणी केली तर ४५.८ आणि २९.२ होते. घर तेच, पैसेही तेच, तरी साडेचाराचा फरक पडतो. दुसरी पद्धत जास्त न्याय्य आहे, पण तिला दरवर्षी हिशेब लिहावा लागतो. तो नेमाने लिहिणार नसाल तर पहिली घ्या. कोणती ते मात्र सही करण्याआधी ठरवून वकिलाकडून साधा करार करून ठेवा. एकाला घर ठेवायचं असेल तर किंमत कोण ठरवणार आणि दुसऱ्याचे पैसे किती महिन्यांत द्यायचे, हेही त्यातच येऊ द्या.

एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. एकाच्या पगारातून हप्ता जातो, दुसऱ्याच्या पगारातून किराणा, वीजबिल, मुलांची फी. दोघंही सारखेच झिजतात, पण बँकेच्या नोंदीत घरासाठी पैसे भरणारा एकच दिसतो. म्हणून घराचं एक संयुक्त खातं उघडा, दोघांनी आपापला भाग दरमहा त्यात टाका आणि हप्ता तिथूनच जाऊ द्या. आईवडिलांनी रक्कम दिली असेल तर ती भेट आहे की उसनी, आणि दोघांपैकी कोणाला दिली, हे त्यांच्या सहीने लिहून घ्या.

एकाच्या मृत्यूनंतर वाटा थेट दुसऱ्याकडे जातो की वारसांकडे, हे मालकीच्या प्रकारावर आणि तुमच्याकडच्या कायद्यावर ठरतं. वकिलाला हा प्रश्न खरेदीखताचा मसुदा बनतानाच विचारा, आणि दोघांचीही मृत्युपत्रं त्याच सुमाराला करून टाका.

प्रश्न : दोघांच्या पगारावर बँक मोठं कर्ज द्यायला तयार आहे. पूर्ण घ्यावं का?

उत्तर : बँक आजचे दोन पगार बघते. तुम्ही एकच पगार चालू असलेलं वर्ष डोळ्यांसमोर आणा : बाळंतपण, आजारपण, गेलेली नोकरी. सही करण्याआधी सहा महिने, होणारा हप्ता आणि देखभाल खर्च मिळून जेवढे होतील तेवढे (सध्या भाडं देत असाल तर ते वजा करून) वेगळ्या खात्यात टाकून बघा. चौथ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला तर कर्ज कमी करा. जमलं, तर सहा महिन्यांच्या बचतीची गंगाजळी आपसूक तयार झालेली असेल.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट. ८ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज घेतलं, लगेच दर ९ झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवला, तर मुदत २५ वर्षांच्या पुढे जाते. दर वाढल्याचं पत्र आलं की मुदत न वाढवता हप्ता वाढवून मागा. या उदाहरणात ही वाढ साडेसात टक्क्यांच्या आसपास असते. दरवर्षी एक जादा हप्ता थेट मुद्दलात भरला तर ८ टक्के दराचं तेच कर्ज सुमारे १७ वर्षांत संपतं.

प्रश्न : घर आवडलंय, मालक आजच बयाणा मागतोय. द्यावा का?

उत्तर : कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीच्या कागदांत दोष निघाला, तर बयाणा किती दिवसांत परत मिळेल हे लिहून मिळेपर्यंत देऊ नका. तोंडी आश्वासनावर तर नाहीच.

प्रश्न : जुनं घर बघायला जाताना काय तपासायचं?

उत्तर : मोजपट्टी, पाणसळ (सपाटी तपासायचं साधन), टॉर्च आणि एक नाणं बरोबर घ्या. आधी ओल शोधा. नळाच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखालचं छत बघा. लोणा (भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार), रंगाचे पोपडे किंवा एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. शक्य असेल तर मोठ्या पावसानंतर पुन्हा जा. रंगातल्या केसाएवढ्या तड्यांनी बिचकू नका. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला आणि नाणं आत शिरेल एवढा तडा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फरश्यांवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे वाहायला हवं. सगळे नळ एकदम सोडा आणि फ्लश ओढा, म्हणजे दाब कळेल. ईएलसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. खोल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून मोजा आणि कागदावरच्या क्षेत्रफळाशी ताडून बघा. दारांची आणि लिफ्टची रुंदीही लिहून आणा, कारण कपाट घरात शिरणार की नाही हे तिथेच ठरतं.