११८ पानं वाचणारी साइट

तुमचा प्रश्न असा आहे : मोबाइलचे रिव्ह्यू आणि 'अमुक फोन स्वस्त झाला' यापलीकडे, तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या एखाद्या छोट्या भारतीय साइटमुळे कधी काही बदललंय का? आणि मराठीत तसं काही काढण्यात अर्थ आहे का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ 'हो' असं आहे. मीडियानामा.

निखिल पहवा यांनी ही साइट २००८ मध्ये दिल्लीतून सुरू केली. टेलिकॉम, मोबाइल कंपन्यांच्या व्हॅल्यू अ‍ॅडेड सेवा (कॉलर ट्यूनसारख्या जादा पैशांच्या सोयी), ऑनलाइन पेमेंट, सरकारी नियम असे तिचे विषय. सर्वसामान्य वाचक तिकडे फिरकण्याचं कारण नव्हतं. वाचणारे म्हणजे टेलिकॉम कंपन्यांतली माणसं, वकील, स्टार्टअपवाले आणि माझ्यासारखे काही. मी तेव्हा मिरजेत मोबाइल रिचार्जचं दुकान चालवायचो आणि जोडीला केबल इंटरनेटची कनेक्शनं सांभाळायचो. कुठला नियम कधी आपल्या धंद्यावर येऊन आदळेल हे कळावं म्हणून वाचायचो. वर्तमानपत्रात कंपनीच्या पत्रकावरून दोन परिच्छेद यायचे. इथे मात्र मूळ कागदात काय लिहिलंय ते मुद्देसूद सापडायचं.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याची घोषणा केली. ओरड झाल्यावर ती काही दिवसांतच मागे घेतली. पण विषय ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम क्षेत्राचे नियम करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या टेबलावर गेला आणि २७ मार्च २०१५ ला ट्रायने ओटीटी सेवांवर (म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारख्या, इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांवर) कन्सल्टेशन पेपर, म्हणजे नियम करण्याआधी मतं मागवणारा कागद काढला. ११८ पानं, शेवटी २० प्रश्न, उत्तरं पाठवायला २४ एप्रिलपर्यंत मुदत.

खरी गोष्ट इथून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असे पेपर ट्राय नेहमीच काढतं आणि नागरिकांची मतं मागवतं. प्रत्यक्षात उत्तरं देतात त्या कंपन्या आणि त्यांच्या संघटना, कारण ती भाषा वाचायची सवय आणि सवड त्यांनाच असते. मीडियानामाने तो पेपर वाचला, त्यात काय दडलंय ते उलगडून दाखवलं आणि तो लोकांना वाचता येईल अशा रूपात समोर ठेवला. मग पहवा आणि इतर स्वयंसेवकांनी मिळून सेव्ह द इंटरनेट ही मोहीम उभी केली. मागणी अशी की इंटरनेटवर सगळ्या साइट आणि अ‍ॅपना सारखीच वागणूक मिळावी. तिच्या साइटवर २० प्रश्नांची उत्तरं तयार होती. ती वाचायची, हवी तशी बदलायची आणि ट्रायला ईमेल करायची.

मी त्या २० प्रश्नांची प्रिंट काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवली होती. पहिला प्रश्न साधारण असा : देशात इंटरनेट अजून पसरतंय, तर या सेवांसाठी नियम करणं फार लवकर होईल का? दुसरा : कॉल आणि मेसेजची सोय देणाऱ्या अ‍ॅपना परवाना लागू करावा का? शेजारच्या टेलरिंगवाल्या काकांनी ते वाचून विचारलं, "म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला लायसन?" मी म्हटलं, "होय काका, तेच विचारलंय." त्या रात्री शटर अर्धं ओढून मी २० पैकी ११ उत्तरं माझ्या शब्दांत लिहिली. सरकारी यंत्रणेच्या प्रश्नाला मुद्द्याला धरून उत्तर देण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

ट्रायकडे १० लाखांहून जास्त ईमेल गेले. त्याचं श्रेय एकट्या मीडियानामाला देणं चूक ठरेल. एआयबी या कॉमेडी ग्रुपचा यावरचा व्हिडिओ नसता तर तरुण पोरांपर्यंत विषय पोहोचलाच नसता. पण त्या व्हिडिओमागे कुणीतरी पेपर वाचलेला होता, हे विसरू नका. त्याच एप्रिलमध्ये फ्लिपकार्ट 'एअरटेल झीरो'तून बाहेर पडलं. (त्या योजनेत डेटाचे पैसे अ‍ॅपवाली कंपनी भरणार होती आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट.) फेसबुकच्या इंटरनेट डॉट ऑर्गवर (निवडक साइट डेटाचे पैसे न भरता उघडून देणारी सेवा) तेव्हा महाराष्ट्र टाइम्सही होता. तो तिथून काढून घेत असल्याचं टाइम्स समूहाने जाहीर केलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ती सेवा ज्या सहा राज्यांत सुरू झाली त्यात महाराष्ट्र होता, त्यामुळे हे भांडण आपल्या दारातलंच होतं.

तीच सेवा पुढे फ्री बेसिक्स नावाने आली. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने दुसरा पेपर काढला, या वेळी डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर आणि फक्त चार प्रश्नांचा. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरकर्त्यांना एका क्लिकवर पाठिंब्याचा ईमेल पाठवायची सोय करून दिली. सुमारे १९ लाख पाठिंबे गेले. ट्रायने म्हटलं, यात आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला : कुठली साइट किंवा अ‍ॅप वापरता यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख दंड. काही दिवसांतच फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

१९ लाख ईमेल आणि पानभर जाहिराती एका बाजूला, सेव्ह द इंटरनेटवाल्यांची चार प्रश्नांना नेमकी उत्तरं दुसऱ्या बाजूला. मीडियानामाचं वजन मला यात दिसतं. वाचकसंख्येत ती साइट मोठ्या पोर्टलांच्या जवळपासही नव्हती.

एक आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे : बातमी देणारा संपादकच मोहिमेत उतरला तर बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? माझं मत असं की पहवांनी आपण मोहिमेत आहोत हे लेखांत उघड सांगितलं आणि मूळ कागद वाचकापुढे ठेवले. ज्याला पटत नाही त्याने कागद स्वतः तपासावा. लपवून बाजू घेणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे. तरी तुम्ही साइट काढलीत तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात स्वतःला विचारून ठेवा.

आता मराठीचं. मोबाइलच्या रिव्ह्यूसाठी आणखी एक साइट काढू नका, त्या ढीगभर आहेत. ट्रायचे पेपर, डेटा संरक्षणाचे नियम, महावितरणचे स्मार्ट मीटर, शाळांमधली ऑनलाइन हजेरी यांचे मूळ कागद वाचून सोप्या मराठीत मांडणारं कुणी मला तरी नियमित दिसत नाही. आठवड्याला एकच कागद घ्या. तो पूर्ण वाचा, त्यातले प्रश्न मराठीत करा, मत पाठवायची शेवटची तारीख आणि पत्ता सगळ्यात वर द्या. मत पाठवताना एक काळजी घ्या : २०१५ मध्ये ट्रायने सगळ्यांचे ईमेल पत्त्यांसकट जाहीर केले होते, तेव्हा त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवा आणि वाचकांनाही तसं सांगा.

पहिला कागद निवडलात की इथे कळवा. टेलिकॉमचा असेल तर त्यातले शब्द सोडवायला मी बसेन तुमच्याबरोबर.