मे महिन्यात गुलाबाची वाढ थांबली, पानं करपली. कोणतं खत देऊ?

कोणतंच नाही. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरचा गुलाब पानं टाकून नुसता उभा असेल, तर त्याला उभं राहू द्या. 'टॉनिक द्या' म्हणणाऱ्याला त्याच गच्चीवर दुपारी दोनला अनवाणी उभं करावं, या मताची मी आहे.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी येणारी फुलं, धरायचा तर उन्हाळ्यात ओलित बंद करून झाडाला ताण देतात. पानं मलूल, पिवळसर होतात. पाहणाऱ्याला वाटतं, गेली बाग. झाड मात्र वाढ थांबवून फांद्यांत अन्न साठवत असतं. मृगाच्या पावसानं ताण तुटला की फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्री उतरतात.

मे २०१३. नागपुरात पारा ४७.९ वर गेला तोच महिना. बाबा लग्नाला परगावी गेलेले. पुण्याहून आलेला दादा म्हणाला, "अगं, झाडं मरताहेत आणि तुम्ही बघत काय बसलात?" दया मलाही आली होतीच. तीन रात्री मोटर लावून आम्ही विहिरीजवळच्या दोन ओळी भिजवल्या. काही दिवसांत काड्यांवर नखाएवढी पोपटी नवती फुटली. मी हौसेनं बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी एक फांदी वाकवली, सोडली, म्हणाले, "ताण तुटला." मग दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाऊस लागल्यावर बाकी बाग पांढरी झाली, घमघमली. त्या दोन ओळींत पानंच पानं.

हां, हे वाचून कुंडीचं पाणी तोडू नका! ताण काळ्या जमिनीतल्या, खोल मुळांच्या झाडाला. कुंडी म्हणजे भट्टी. सकाळी उन्हाआधी पाणी, वर हिरवी जाळी, मातीवर पालापाचोळा. छाटणी आता नको, खत पावसाळा लागल्यावर. शंका असेल तर खोड नखानं खरवडा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. सगळंच तपकिरी असेल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

दादा अजून म्हणतो, त्या वर्षी पाऊसच अति झाला म्हणून फुलं आली नाहीत. अति झाला, खरंय. पण मग तोच पाऊस तिसऱ्या ओळीवर पडला नव्हता का?