मलम लावल्यावर त्वचा लाल होऊन खाज सुटली, आता काय करावं?

आधी मलम बंद करा. कोमट पाण्याने, सौम्य साबणाने हलकेच धुवा, घासू नका. मग गार पाण्याची घडी १०-१५ मिनिटं ठेवा आणि वर साधं पेट्रोलियम जेली लावा. त्यावर दुसरं मलम नको.

लावल्या लावल्या आग झाली, तर बहुधा औषध त्वचेला झोंबलंय. मुरुमांवरच्या ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड या औषधांनी सुरुवातीला अनेकदा कोरडेपणा येतो; त्रास थोडाच असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लावता येतं. खरी ॲलर्जी मात्र सहसा एक ते तीन दिवसांनी उठते, खाज जास्त असते आणि पुरळ मलमाच्या जागेबाहेरही पसरतं. काही मलमांमध्ये असणारं निओमायसिन हे अँटिबायोटिक त्यातलं नेहमीचं कारण. कधी दोष औषधाचा नसून त्यातल्या सुगंधाचा किंवा प्रिझर्व्हेटिव्हचा (मलम टिकवणाऱ्या रसायनाचा) असतो, म्हणून ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. गरज वाटल्यास ते पॅच टेस्ट करतील, म्हणजे संशयित घटक त्वचेवर थोडेसे लावून कशाची ॲलर्जी आहे ते पाहतील.

घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब मनाने लावू नका. फोड आले, पू झाला, ताप आला किंवा पुरळ डोळ्यांजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट इमर्जन्सीत.