हैदराबादच्या निजामावर फौज पाठवायला सरदार पटेलांनी स्वातंत्र्यानंतर १३ महिने का घेतले?

हात बांधलेले होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाशी एक वर्षाचा जैसे थे करार झालेला, फौज काश्मीरमध्ये गुंतलेली, आणि जून १९४८ मध्ये जाईपर्यंत गव्हर्नर जनरल माउंटबॅटन वाटाघाटींवर अडून होते. नेहरूंनाही बाहेरच्या जगात काय पडसाद उमटतील याचा घोर होता. पटेलांना मात्र घाई होती, रझाकारांचा (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा) धुमाकूळ वाढत चालला होता.

खरा डाव शेवटच्या महिन्यातला. ऑगस्टमध्ये निजाम सरकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेलं. तिथे प्रकरण अडकलं असतं तर ते काश्मीरसारखंच लोंबकळत राहिलं असतं, असं माझं मत. ११ सप्टेंबरला जिना वारले, आणि १३ ला सोलापूरकडून फौज आत शिरली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. सोलापूर-हैदराबाद रस्ता तिथे बोरी नदी ओलांडतो, तो पूल शाबूत हाती लागणं महत्त्वाचं होतं. १६ ला परिषदेत चर्चा सुरू झाली, १७ ला निजामाने हत्यारं टाकली. ठराव व्हायला वेळच उरला नाही!

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडा लावतो, पण पुढचं फारसं कुणी बोलत नाही. त्यानंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी करायला केंद्रानेच सुंदरलाल समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने आपले उस्मानाबाद आणि नांदेड धरले. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.