'एक्सलंट'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. त्याच्या बाई वहीवर रोज लाल पेनाने 'एक्सलंट' लिहितात. परवा त्याने विचारलं, आई याला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं छान. तर म्हणतो छान म्हणजे नाइस, हे वेगळं आहे! आता काय सांगू? (एक आई, सांगली)

उत्तर : लेक हुशार आहे हो तुमचा, बरोबर पकडलंय त्याने. छान हा शब्द आपण चहालाही लावतो, साडीलाही, आणि मनातून न आवडलेल्या पडद्यांनाही. एक्सलंटचं वजन त्याहून जास्त. मूळ शब्द लॅटिन, आणि त्यात उंच असण्याचा, वर निघण्याचा अर्थ आहे. वर्गाच्या फोटोत एखाद्या पोराचं डोकं सगळ्यांच्या वर आलेलं असतं ना, तसं. इंग्रजीत टेकडीला हिल म्हणतात आणि खांबाला कॉलम, तेही याच मुळातले भाऊबंद मानतात.

आपला सरळ प्रतिशब्द 'उत्कृष्ट', आणि गंमत म्हणजे त्यातही वर जाणंच आहे. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं, त्यातूनच कृषी आणि आकर्षण आले, म्हणून वर ओढलेलं ते उत्कृष्ट आणि खाली ओढलेलं ते निकृष्ट. रस्त्याच्या कामाच्या बातमीत यातला दुसराच जास्त भेटतो ते सोडा. 'उत्तम'मध्ये तर 'सगळ्यात वरचा' हे आधीच आलंय, तरी आपलं समाधान होत नाही म्हणून आपण सर्वोत्तम म्हणतो, अत्युत्तम म्हणतो. 'श्रेष्ठ'चंही तेच, त्याच्यापुढे तम लावायची गरजच नाही पण लावतात. याच श्रेष्ठपासून श्रेष्ठी आणि श्रेष्ठीपासून आपला शेठ आला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला शेठ अशी हाक मारताना तुम्ही त्याला एक्सलंटच म्हणत असता, उधारी असो वा नसो.

पण हे झालं डिक्शनरीतलं. घरात कोणी 'आज आमटी उत्कृष्ट झाली' म्हणालं तर आपण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, टोमणा तर नाही ना म्हणून. आमटी फक्कड होते नाहीतर झकास होते, गाणं सुरेख होतं, अक्षर वळणदार असतं, माल अस्सल असतो, आंबा एक नंबर असतो, आणि तुमच्याच शेजारी कोल्हापुरात मिसळ नादखुळा असते. कशाबद्दल बोलतोय आणि कोण कोणाला बोलतंय ते बघून शब्द बदलतो, इंग्रजीत मात्र तो एकच शब्द आमटीपासून अहवालापर्यंत सगळीकडे खपतो.

म्हणून तुमच्या लेकाच्या वहीपुरतं सांगते. बेरजा सगळ्या बरोबर आल्या आणि बाईंनी खाली एक्सलंट लिहिलं, तर तिथे ना उत्कृष्ट ना उत्तम, तिथे मराठीत शाब्बास! हा फारसीतून आलेला, शाद बाश, म्हणजे आनंदात राहा. बाई बेरजांना मार्क देत नाहीयेत, पोराच्या पाठीवर थाप मारतायत. त्याला हेच सांगा, बघा पटतं का.

बाकी रोजच एक्सलंट मिळायला लागलं की गुड आणि व्हेरी गुडचं काय राहतं हा प्रश्न मलाही पडतो. आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' आलं तरी आई देवापुढे साखर ठेवायची. माझ्या प्रगतिपुस्तकात त्याच्या खाली 'अक्षर सुधारावे' पण असायचं, दरवर्षी.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर पुतणीने भरतनाट्यमचा व्हिडिओ टाकला तर भाच्याने खाली लिहिलं 'खतरनाक'. दुसरा म्हणतो 'जबरी'. भाषेचं हे काय चाललंय? चांगल्या गोष्टीला वाईट शब्द का? (एक निवृत्त काका, ठाणे)

उत्तर : काका, रागावू नका, पण तुम्ही स्वतः 'जबरदस्त' म्हणत असालच की? त्यातही जबर आहेच, जोर आहे. आणि हा रोग काही आपल्याच पोरांना झालेला नाही. इंग्रजीतलं टेरिफिक बघा, त्याचा पहिला अर्थ भीती घालणारं असा होता, टेरर त्याच घरातला. ऑसम म्हणजे ज्याच्यापुढे दबून जावं असं. सुपर्ब तर लॅटिनमध्ये गर्विष्ठ माणसाला म्हणायचे, रोमच्या शेवटच्या राजाला, टार्क्विनियसला, लोकांनी लावलेलं सुपर्बस हे बिरुद काही कौतुकाचं नव्हतं. आणि तुमच्या सुनेला तुम्ही 'नाइस' म्हणालात तर मूळ लॅटिन अर्थाने तिला अडाणी म्हणालात! एखादी गोष्ट बघून आपण हबकतो ना, त्या हबकण्याचा शब्दच पुढे कौतुकाचा होतो, 'भयंकर आवडलं' आपण पूर्वीपासून म्हणतोय.

आणि वाईटातूनच येतात असंही नाही. 'मस्त' म्हणजे फारसीत नशेत असलेला, आज नातू पोह्यांना म्हणतो. 'लाजवाब' म्हणजे ज्याला उत्तर नाही. आणि माझा सगळ्यात लाडका अफलातून, हा म्हणजे चक्क ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, अरबीत त्याचं नाव अफलातून झालं आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडे येऊन तो सिक्सरला लागला. तेव्हा भाच्याला माफ करा. पुतणीला खतरनाक वाचून आनंदच झाला असणार, हवं तर विचारा तिला.

प्रश्न : कॉलेजच्या कार्यक्रमाला राज्यपाल येणार आहेत, सूत्रसंचालन माझ्याकडे. 'हिज एक्सलन्सी' म्हणू की 'महामहिम'? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : दोन्ही नको. ही व्हाइसरॉयच्या काळातली पद्धत, 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशातल्या कार्यक्रमांसाठी ती बंद करायला सांगितलं. परदेशी पाहुण्यांसोबतच्या कार्यक्रमात एक्सलन्सी अजून चालतं कारण तो जगभरचा शिष्टाचार आहे. तू सरळ 'माननीय राज्यपाल' म्हण. आणि तरी राज्यपालांच्या कार्यालयातून कागद येईल त्यात कसं लिहिलंय ते आधी बघून घे, तिथे जे असेल तेच वाच, माईकसमोर स्वतःची अक्कल नको.

प्रश्न : एक्सलंट की एक्सेलंट? (पोस्टकार्ड, नाव नाही)

उत्तर : एक्सलंट, जोर पहिल्या 'एक्'वर. क्रियापद असेल तर इक्सेल, तिथे जोर 'सेल'वर. स्पेलिंगमध्ये एलला एल जोडून दोन, आणि एक्सनंतरचा सी विसरू नका, माझा स्वतःचा अजून विसरतो.