खेड्यातील शाळेची मुले पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवण्यापलीकडे काय करू शकतात?

आपल्या शाळेतील मुले उन्हाळ्यात पाण्याची भांडी ठेवतातच, त्यापुढे गावच्या पक्ष्यांसाठी त्यांना काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, आणि माझ्या मते सुरुवात टिटवीपासून करावी.

आपला मुलूख माळरानांचा आहे. टिटवी, चंडोल, तित्तर, लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. झाडाला टांगलेल्या लाकडी घरट्यांचा त्यांना काहीच उपयोग नाही. टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये होते, म्हणजे मृगापूर्वी रानात वखराच्या पाळ्या चालतात तेव्हाच तिची अंडी उघड्यावर असतात. ढेकळांमधली एक उथळ खळी, भोवती बारीक खडे आणि आत मातकट रंगावर काळे डाग असलेली, निमुळती टोके मध्याकडे केलेली चार अंडी, एवढेच ते घरटे. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ते दिसणे शक्य नाही. शेळ्यांमागे हिंडणाऱ्या मुलाला मात्र टिटवी कुठून उठली आणि कुठे ओरडत घिरट्या घालते, हे नेमके ठाऊक असते.

मागच्या वैशाखात सहावीतील एका मुलीने आजोबांचे औत बांधावरच थांबवले. "आबा, इथं टिटवीची अंडी हायेत, एवढं रान सोडून पाळी घाला." टिटवीचे ओरडणे आजोबा अशुभ मानत, तरीही नातीच्या शब्दाखातर त्यांनी बाजेएवढा तुकडा सोडला. दुपारी आम्ही लांबच्या बाभळीखालून पाहत होतो, तेव्हा टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आली आणि अंडी गार राहावीत म्हणून त्यांवर बसली. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात आणि पिल्ले बाहेर पडल्यावर लवकरच चालू लागतात, त्यामुळे शेतकऱ्याला ती जागा फार दिवस अडवून ठेवावी लागत नाही.

मुलांनी घरट्याला हात लावू नये, पंधरा-वीस पावले दूर थांबावे आणि रानाच्या मालकाला सांगावे. पावसाळ्यात सुगरणीचे खोपे शोभेसाठी काढू नयेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेला नायलॉन मांजा संक्रांतीनंतर झुडपांतून गोळा करावा. विजेच्या तारांवरचा मात्र मुलांनी कधीही काढू नये. पाण्याची भांडी ठेवाल तर ती उथळ असावीत आणि रोज घासावीत.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जयंतीपर्यंतचे हे दिवस पक्षी ओळखायला शिकवण्यास चांगले. घरट्यांचे काम मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून त्याची बोलणी वार्षिक परीक्षेपूर्वीच करावी लागतात. मुले वहीत रानाचा गट क्रमांक, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. ही वही आम्ही शाळेबाहेर कोणालाही दाखवत नाही आणि घरट्यांची छायाचित्रे मोबाइलवर पाठवत नाही, कारण तित्तर-लाव्यांसाठी जाळी लावणाऱ्यांना तेवढी माहितीही पुरते.